ही वळवळ आजाराची नव्हे, गोळीची
मान-हात आपोआप वळवळायला लागले म्हणजे पार्किन्सन्स (कंपवात) बळावला, असं काही जण म्हणतात. पटत नाही. कंप आजाराचा, ही वळवळ बहुतेकदा लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा) असर ऐन भरात असताना येते. अर्थात बहुधा काही वर्षं गोळ्या घेतल्यावर ती सुरू होते, म्हणून गल्लत होते.

मेंदूतली खूणही वेगळी असते. औषधाचा असर उतरला की मेंदूतल्या बीटा नावाच्या विद्युत लहरी (साधारण १३ ते ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी आवर्तनं) जोर धरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून नोंदी घेतल्या (२०१६), तेव्हा वळवळीच्या वेळी मोटर कॉर्टेक्समध्ये (हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागात) ६० ते ९० हर्ट्झमधली, अरुंद पट्ट्यातली, जास्त वेगाची गॅमा लहर दिसली. गंमत म्हणजे मुद्दाम हात हलवला तरी ही लहर फारशी बदलत नव्हती! म्हणजे नुसत्या हालचालीचा हा पडसाद नाही. गोळी मात्र परस्पर कमी करू नका; वळवळीच्या आणि गोळीच्या वेळा लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.