‘थर्टीन रीझन्स’वर बंदी मागणाऱ्या भाऊंना उत्तर

बोरीकाठ:
काल आपल्या खान्देश ग्रुपवर एका भाऊंनी लिहिलं, ‘थर्टीन रीझन्स व्हाय’सारख्या सिरीजमुळे पोरींची डोकी बिघडून राहिली, डिप्रेशन हे शहरातल्या रिकामटेकड्यांचं खूळ आहे, आम्ही उन्हात कापूस वेचला, आम्हाला रडायला वेळ नव्हता, सरळ बंदी घाला. खाली अंगठ्यांचा पाऊस. एकानेही विचारलं नाही की भाऊ, तुम्ही ती पाहिली का?

मी अमळनेर तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवते. या अमेरिकन सिरीजमध्ये हॅना नावाची शाळकरी मुलगी आत्महत्या करते आणि त्यामागची कारणं कॅसेटींवर बोलून मागे ठेवते. सिरीज नेटफ्लिक्सवर २०१७ ला आली, चार सीझन होऊन २०२० ला संपली, पण तिचे तुकडे अजून मुलींच्या मोबाइलवर फिरतात. वर्गात विषय निघाला तेव्हा मला वाटलं, हॅनाने मागे ठेवलेल्या कॅसेटींबद्दल बोलतील. मुली बोलल्या पोर्टर सरांबद्दल. हॅना शेवटी शाळेच्या समुपदेशकाकडे, म्हणजे या पोर्टर सरांकडे जाते. आपल्यावर काय गुदरलं ते अर्धवट सांगते. ते म्हणतात, मुलाचं नाव सांगायचं नसेल तर पुढे जायला शीक. ती बाहेर येऊन थांबते, सर मागून येतील या आशेने. ते येत नाहीत.

हा प्रसंग पाहून एकही मुलगी ‘हॅनाने बरोबर केलं’ म्हणाली नाही. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, आपल्याकडे हे सांगायला खोली कोणती?’ आमच्याकडे अशी खोलीच नाही. स्टाफरूममध्ये बारा जणांसमोर सांगावं लागतं. बंदीवाल्या भाऊंनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

केळीवाला_रावेर:
ती पोस्ट माझीच. आणि हो, पाहिली आहे. पोरगी पाहते म्हणून पहिला सीझन पाहिला, मगच लिहिलं.

ताई, तुम्ही मास्तरणीच्या डोळ्यांनी पाहिली, मी बापाच्या. हॅनाच्या आईबापाचं औषधाचं दुकान आहे, शेजारच्या मोठ्या दुकानापायी ते बुडायला आलंय. रात्री दोघं हिशेब करत बसतात. ते लोक वाईट आहेत का? पोरीवर जीव आहे त्यांचा. पण सिरीज असं दाखवते की आईबाप आंधळे. केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला तेव्हा मी उभी बाग उपटून बांधावर टाकली. पीकविम्याच्या पैशासाठी चपला झिजल्या, कागद पुरे असून प्रत्येक वेळी नवीन कागद मागितला. त्या महिन्यांत घरात कोण गप्प आहे हे पाहायला डोकं कुणाचं ठिकाणावर होतं? आमच्या टेन्शनचे कोणी तेरा भाग काढत नाही.

भुसावळ_जंक्शन:
भो, मुळात इंग्रजी सिरीज पाहायचीच कशाला? आणि आपल्या मराठी मालिकांत काय दाखवतात? मानसिक आजार झाला की बाई केस सोडून हसायला लागते, नाहीतर डोक्याला मार लागून सासरची माणसं विसरते. अहिराणी व्हिडिओत तर येडा माणूस फक्त मार खायला ठेवलेला असतो. आमच्या चाळीत एक काकू वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्या, शेजारीण विचारायची तर त्या बीपीच्या सांगायच्या. आधी यावर बोला.

तापीपार:
जळगावात समुपदेशनाचं काम करते. बंदी नको हे मान्य. पण बोरीकाठ ताई, तुम्ही सिरीजचं वकीलपत्र घेऊ नका.

त्या गोष्टीची रचनाच घातक आहे. मुलगी गेल्यावर तिचं म्हणणं सगळे ऐकतात, दोषी घाबरतात, चांगला मुलगा रडतो. म्हणजे जिवंतपणी जे मिळालं नाही ते नंतर मिळतं. खचलेलं पोर यातून नेमकं तेवढंच उचलतं. माझ्यासमोर बसून मुलांनी ‘मग कळेल त्यांना’ हे वाक्य उच्चारलंय. त्यांना काहीच कळवता येत नाही, कारण कळवणारा उरत नाही. शिवाय नैराश्य हा उपचार होणारा आजार आहे, हे पहिल्या सीझनमध्ये कुणी धड म्हणत नाही. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये हॅनाच्या आत्महत्येचा प्रसंग स्वतः कापला. तज्ज्ञ दोन वर्षं ओरडत होते तेव्हा कुठे.

बोरीकाठ:
कापला ते बरंच केलं. ते दृश्य दाखवायची काही गरज नव्हती. पण त्यावरून केलेल्या दाव्यांचं काय? एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत १० ते १७ वयातल्या आत्महत्या २८.९ टक्क्यांनी वाढल्या, असा अभ्यास आला आणि सगळ्यांनी तो मिरवला. वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती, आणि तीही मार्चमध्येच दिसत होती. सिरीज आली ३१ मार्चला. दुसऱ्या अभ्यासकाने पुन्हा तपासून हेच दाखवलं.

तापीपार:
म्हणजे परिणाम सिद्ध झाला नाही. ‘धोका नाही’ हे सिद्ध झालं असं होत नाही. वर्गातल्या तीस मुली बोलतात, एकतिसावी गप्प बसते. मला तिची काळजी आहे.

शिरपूर_१९:
सगळे मोठे लोक आमच्याबद्दल बोलून राहिले, म्हणून लिहितो. मी बारावीला असताना पाहिली. मला क्ले आठवतो, हॅनावर जीव असलेला तिचा मित्र. त्याला बोलायचं होतं आणि तो बोलला नाही. माझा एक मित्र नीटच्या क्लासला लातूरला होता, फोनवर फक्त ‘बरंय’ म्हणायचा. सिरीज पाहिल्यावर मी एसटीने त्याच्याकडे गेलो. तो आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत, शेतीचं शिकतोय. आमची डोकी बिघडली म्हणता ना काका, हे बिघडणं.

केळीवाला_रावेर:
पोरा, तू मित्रासाठी गेलास, त्याला नाव ठेवणार नाही. पण ताईंच्या खोलीचं बोलू. पोरगी खोलीत जाऊन सांगेल. मग? पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षकाला पोलिसांना कळवावंच लागतं. गावात पोलिसांची गाडी आली की दुसऱ्या दिवशी पारावर पोरीचं नाव. पोरीशी लग्न कोण करेल?

बोरीकाठ:
आलात शेवटी लग्नावर! आमच्याकडे एका मुलीने घरी सांगितलं की एसटीत एक जण रोज त्रास देतो. त्या माणसाला कुणी हात लावला नाही. हिचा पास घरात ठेवून घेतला, कॉलेज बंद, आणि पुढच्या लग्नसराईत वय लपवून लग्न. वर्गात पहिल्या बाकावर बसायची. बाकीच्या मुलींनी त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं: घरी सांगायचं नाही. हे कुठल्या सिरीजने शिकवलं, भाऊ?

केळीवाला_रावेर:
सगळ्या बापांना एका दावणीला बांधू नका! मी माझ्या पोरीला बारावीनंतर पुण्याला पाठवतोय, भाऊबंदांची बोलणी खाऊन.

तापीपार:
दोघंही जरा थांबा. केळीवाला दादा, कायदा तुम्ही अर्धा सांगितला. कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक, न कळवल्यास शिक्षा, बरोबर. पण कलम २४ म्हणतं, जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. कलम २३ प्रमाणे माध्यमांत तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पारावर नाव गेलं तर ते कायद्यामुळे जात नाही, माणसांच्या तोंडामुळे जातं.

केळीवाला_रावेर:
कागदावर सगळं गोड असतं. पीकविमा पण कागदावर गोडच होता. गणवेश नसला तरी अनोळखी बाई कोणाच्या दारात आली, हे अख्ख्या गावाला कळतं.

तापीपार:
कळतं, हे नाकारत नाही. म्हणून तर ती खोली शाळेतच हवी, जिथे मुलगी रोज जाते आणि कुणाला संशय येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे एक पात्र समुपदेशक हवा.

भुसावळ_जंक्शन:
शंभरावर एक? इथे गणिताला मास्तर मिळत नाही आणि तुम्हाला समुपदेशक पाहिजे.

बोरीकाठ:
गणिताला मिळत नाही म्हणून आपण गणित सोडून देतो का?

शिरपूर_१९:
तोवर १४४१६ आहे. टेलिमानस, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलतात. मित्राने तिथूनच सुरुवात केली. फक्त मुलींचा प्रॉब्लेम असा की फोन आईचा असतो आणि घरातलं माणूस कॉल पाहतं.

केळीवाला_रावेर:
माझ्या घरी कोणी पोरीचा फोन पाहत नाही. मी शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, पुढच्या बैठकीत खोलीचा आणि या नंबरच्या बोर्डाचा विषय घेतो. ताईंनी निकालाची प्रत पाठवावी. पण सिरीजबद्दलचं मत बदललेलं नाही. धाकटी आठवीत आहे, तिला ती पाहू देणार नाही.

तापीपार:
आठवीतल्या मुलीने एकटीने पाहू नये, एवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने. थोरलीशी मात्र बोला. तुम्ही तोच सीझन पाहिलाय, तिलाही तुम्हाला काही विचारायचं असेल.

बोरीकाठ:
प्रत पाठवते. बोर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावू नका, मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने लावा. ऑफिससमोर उभं राहून कोणी नंबर लिहून घेत नाही.