मित्राच्या घरावर बँकेची नोटीस: मी काय करावे?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
माझ्या बालमित्राचे गृहकर्जाचे हप्ते थकले असून, थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली बँकेने त्याला ६० दिवसांची नोटीस पाठवली आहे. ती त्याने देवघरातल्या पोथीखाली लपवली होती. वहिनींनाही ठाऊक नव्हते. मी त्याला पैसे द्यावेत का?

उत्तर (धरमपेठ)
आधी नोटिशीची तारीख पाहा. या मुदतीत त्याने लेखी हरकत घेतली आणि ती बँकेला मान्य नसली, तर बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. पुढे ताब्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि ते नागपुरातच आहे. जामीनदार म्हणून सही मात्र कृपया करू नका.

उत्तर (महाल)
पैशांआधी त्याच्याजवळ बसा. वहिनींसमोर गृहकर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड आणि हातउसने असे सारे एका वहीत लिहून काढा. माझ्या भावाने हातउसन्यांचा आकडा सर्वांत शेवटी, मान खाली घालून सांगितला होता, आणि खरी झोप त्या आकड्यानेच उडवली होती.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नोटिशीला २३ दिवस झाले आहेत. उद्या वही घेऊन जातो, आणि सोमवारी त्याच्यासोबत वकिलांकडे.