मदत हवी आहे: बांबूच्या फ्लाय रॉडचा (मासे पकडायच्या काठीचा) गाठीजवळचा बाक कसा काढावा?

नमस्कार मंडळी. बांबूचे फ्लाय रॉड बनवणाऱ्यांचा मेळावा जवळ आलाय. तिथे सगळे एकमेकांचे रॉड हातात घेऊन लाईन टाकून बघतात, म्हणून घाईने विचारतोय.

दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या, प्रत्येक ६० अंशाच्या कोनात रंधा मारून, चिकटवल्या आहेत. खालचा भाग सरळसोट झालाय. शेंड्याकडच्या भागात मात्र एका गाठीजवळ बारीक बाक आहे. डोळ्याशी धरून फिरवला की लगेच दिसतो. ऊब देऊन दाबलं की बाक निघतो, पण पट्ट्या इपॉक्सीने जोडल्यात आणि ती तापली की मऊ पडते. सांधे न उकलता ऊब कशी द्यावी? हीट गन बरी की स्पिरिटचा दिवा? वार्निश अजून लावलेलं नाही. की मेळाव्यातच जाणत्या माणसाच्या हाताखाली सरळ करून घेऊ?