शब्दचर्चा : 'आर्ट अँड पार्ट'ला मराठीत काय म्हणावं?

— स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या काळावर लिहितेय. अर्ल ऑफ मॉर्टन या सरदाराला राणीचा नवरा डार्नली याच्या खुनात 'आर्ट अँड पार्ट' (स्कॉटिश कायद्यात गुन्ह्यातला साथीदार) ठरवून मृत्युदंड दिला. 'कटाची माहिती असलेला' लिहू की 'सामील'?

— ताई, 'सामील'च लिहा. निकालातच 'माहिती असलेला' लिहिलंत तर, माहिती होती पण सामील नव्हतो, हे मॉर्टनचं म्हणणंच पुसलं जाईल.

रिझियोचं प्रकरण आधी बघा. मार्च १५६६. राणीच्या या सचिवाला तिच्यासमोरून फरफटत नेऊन भोसकलं, तेव्हा मॉर्टनची माणसं होलीरूड राजवाडा अडवून उभी होती. तिथे तो सामील होता, यात शंकाच नाही. इंग्लंडला पळाला, पुढे माफी मिळाली. परतल्यावर बॉथवेल या सरदाराने डार्नलीला संपवायचा बेत त्याच्या कानावर घातला. मॉर्टन म्हणाला, राणीचा लेखी हुकूम दाखव. तो काही आला नाही. फेब्रुवारी १५६७ मध्ये कर्क ओ' फील्डचं घर बंदुकीच्या दारूने उडालं, डार्नलीचं प्रेत बागेत सापडलं.

पुढे मॉर्टन डार्नलीच्याच पोराचा, सहाव्या जेम्सचा, रीजंट, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला (१५७२ ते १५७८). दरबारात वारं फिरलं आणि १५८० च्या अखेरीस तो जुना खून त्याच्यावर काढला गेला. त्याची कबुली नीट वाचण्यासारखी आहे. बेत ठाऊक होता, मी बोललो नाही. सांगणार कुणाला? राणीला सांगावं, तर तिचाच त्यात हात. डार्नलीला सांगावं, तर तो तिच्यापाशीच बोलून मोकळा होणार! पण 'आर्ट अँड पार्ट' हे शब्द त्याने शेवटपर्यंत मानले नाहीत. २ जून १५८१ ला एडिंबरात 'मेडन' नावाच्या यंत्राखाली त्याचं डोकं उडवलं.

माणूस लोभी होता, निर्दयही होता. तरी मूग गिळून बसणं वेगळं आणि खुनात अंग असणं वेगळं, हे भाषांतरात दिसलंच पाहिजे.

— कायद्यातला 'अपप्रेरणा' हा शब्द कसा वाटतो?

— अपुरा आहे. त्यात चिथावणीचा वास जास्त. स्कॉटिश कायद्यात मदत करणारा, साथ देणारा असे सगळेच मुख्य गुन्हेगाराइतके दोषी धरतात. निकालासाठी 'सामील', आणि कथनात असं करता येईल : "बेत ठाऊक होता हे मॉर्टनने कबूल केलं, खुनात आपलं अंग होतं हे मात्र नाकारलं."