क्रिसी वेलिंग्टन आणि 2008 चं पंक्चर

ब्रिटनची ट्रायथलॉनपटू (पोहणं, सायकल, धावणं) क्रिसी वेलिंग्टन हिच्याबद्दल काही जण म्हणतात, '2008 ला कोनात (हवाईतल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत) सायकल पंक्चर होऊनही वेलिंग्टन जिंकली, म्हणजे नशीबच'. मला हे अजिबात पटत नाही. तिच्या कार्ट्रिजमधला (टायर भरायच्या छोट्या नळकांड्यातला) कार्बन डायऑक्साइड गॅस वाया गेला, मग ऑस्ट्रेलियाच्या रिबेका कीटनं जाता जाता स्वतःची कार्ट्रिज दिली. कीट प्रतिस्पर्धी होती, हे विसरू नका! बराच वेळ गमावूनही क्रिसी 9:06:23 मध्ये पहिली आली, दुसरीपेक्षा जवळपास 15 मिनिटं आधी. 2007, 2009 आणि 2011 चीही विजेती तीच.

आता पंक्चरचं. 16 ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये 25 मिमी रुंदीचा टायर एकदाच भरतो, म्हणून घाई नडते. आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच काढा, नाहीतर नवी ट्यूबही जाते. ट्यूब तोंडानं फुंकून किंचित फुगवा म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिममध्ये नीट बसली का ते पाहा. ट्यूब मध्ये चिमटली तर गॅस भरताच फुटते. इन्फ्लेटर (कार्ट्रिज व्हॉल्व्हला जोडणारं तोंड) व्हॉल्व्हवर घट्ट बसल्याशिवाय गॅस सोडू नका, बहुतेकांचा तिथेच वाया जातो. खोल रिम असेल तर लांब व्हॉल्व्हचीच ट्यूब लागते. कार्ट्रिज बर्फासारखी गार पडते, उघड्या हातानं धरू नका. हा गॅस रबरातून लवकर झिरपतो, तेव्हा घरी आल्यावर तो सोडून पंपानं साधी हवा भरा.

शर्यतीला निदान दोन कार्ट्रिज न्या.