कविता आणि लघुकथा आधी कुठे दाखवाव्यात?

प्रश्न (तासगाव) : मी महाविद्यालयात शिकत असून काही कविता व लघुकथा लिहिल्या आहेत. छापण्यापूर्वी त्या कोणाला दाखवाव्यात, आणि त्या कोणी स्वतःच्या नावावर खपवील ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर (पलूस) : औदुंबरला मकरसंक्रांतीच्या दिवशी सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. कवितावाचनाची संधी मिळेल का, याची चौकशी आधीच करावी. न मिळाल्यास नुसते ऐकायला जाणेही फुकट जात नाही.

उत्तर (सातारा) : १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मसुदे मात्र तारखेसह जपून ठेवावेत. मला चोरीपेक्षा दुसरी अडचण मोठी वाटते : अनेक संपादकांना अप्रकाशित साहित्यच हवे असते, त्यामुळे जी कथा दिवाळी अंकाला पाठवण्याचा विचार आहे, ती आधी समाजमाध्यमावर टाकली तर ती नाकारली जाण्याची शक्यता असते. दिवाळी अंकांची जुळवाजुळवही बरेच महिने आधी सुरू होते.

उत्तर (मिरज) : वरील मताशी सहमत. मित्रमंडळी बहुधा कौतुकच करतात. म्हणून कथा अशा वाचकाला द्यावी, जो कंटाळा आलेल्या परिच्छेदावर निःसंकोच पेन्सिलीने खूण करील.