शेरन जोन्स यांना ‘झेरॉक्स’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुनी_तबकडी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात ‘ठेकेदार’ यांनी लिहिले की सोल आणि फंक हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत १९७५ च्या आसपास संपले आणि त्यानंतर ब्रुकलिनमध्ये, म्हणजे डॅपटोन या तबकड्यांच्या कंपनीत, जे चालले ती जुने सूट घालून काढलेली झेरॉक्स आहे. हा शब्द मला इतका झोंबला की प्रतिसादात न मावणारे उत्तर मी येथे स्वतंत्रपणे लिहीत आहे.

डॅपटोनच्या गायिका शेरन जोन्स यांचा जन्म १९५६ चा आणि गाव जॉर्जियातले ऑगस्टा, म्हणजे ज्या गावात फंकचे आद्य गायक जेम्स ब्राउन लहानाचे मोठे झाले तेच. चर्चमध्ये आणि लग्नांच्या बँडमध्ये गाणाऱ्या या बाईंनी पोटासाठी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहाऱ्याची नोकरी केली आणि रोकड वाहणाऱ्या गाडीवर सशस्त्र रक्षक म्हणूनही काम केले. ‘तू फार काळी, फार जाडी, फार बुटकी आणि आता फार वयस्क आहेस’ असे एका कंपनीवाल्याने आपल्याला तोंडावर सांगितल्याचे त्या मुलाखतींत सांगत. डॅप-किंग्ज या वाद्यवृंदासह त्यांचा पहिला अल्बम आला तो २००२ मध्ये. डॅपटोनचेच दुसरे गायक चार्ल्स ब्रॅडली यांनी १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, अपोलो थिएटरात जेम्स ब्राउन यांना पाहिले, पुढे अनेक वर्षे स्वयंपाकी म्हणून काढली, आणि त्यांचा पहिला अल्बम २०११ मध्ये आला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. ही माणसे मूळ पिढीतलीच होती. त्यांच्यासाठी दार तेवढे चाळीस वर्षे उशिरा उघडले. त्यांना नकलाकार म्हणायचे असेल, तर अस्सल कोणाला म्हणायचे ते कृपया सांगावे.

ठेकेदार

आपण चरित्रे सांगितलीत, मी संगीताबद्दल बोललो होतो. दुःख भोगलेल्या माणसाचे गाणे आपोआप नवे ठरत नाही.

जेम्स ब्राउन यांनी १९६५ नंतर काय केले हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्यांनी सगळा जोर पहिल्या मात्रेवर आणला, आपल्या भाषेत सांगायचे तर समेवर, आणि गिटार, ब्रास, बेस, एवढेच नव्हे तर स्वतःचा गळासुद्धा तालवाद्यासारखा वापरला. ते त्या क्षणी भविष्यातले संगीत होते. त्या काळात आठ ट्रॅकच्या (आठ वेगळ्या ध्वनिपट्ट्यांच्या) टेपवर मुद्रण होई, कारण तेव्हा स्टुडिओत तेवढेच होते. डॅपटोनवाले २००१ नंतर हट्टाने आठच ट्रॅक वापरतात, कारण त्यांना १९६७ चा भास हवा आहे. याच मंडळींच्या आधीच्या डेस्को या कंपनीने नव्वदच्या दशकात एक ताजी तबकडी कुठल्याशा जुन्या कुंग-फू चित्रपटाचे संगीत म्हणून विकली होती, आणि तो चित्रपट कधी निघालाच नव्हता! ज्या घराण्याची सुरुवात बनावट शिक्क्याने झाली, त्याच्या अस्सलपणावर धागे काढण्याची वेळ यावी हे गमतीचे आहे.

न्यूजर्सीकर

ती थाप मलाही ठाऊक आहे आणि आवडतेही. त्या तबकडीवर जुन्या संगीताचे भलेभले दर्दी फसले, याचा अर्थ ते वादन उत्तम होते. २०१४ च्या फेब्रुवारीत मी मॅनहॅटनच्या बीकन थिएटरमध्ये होतो. कर्करोगाच्या उपचारांनंतर शेरनबाई डोक्यावर एक केस नसताना, टोप न लावता रंगमंचावर आल्या आणि नाचल्या. माझी पत्नी अर्धा खयालसुद्धा बसून ऐकत नाही. ती त्या रात्री शेवटपर्यंत उभी होती. झेरॉक्स पाहून माणसे अशी उभी राहत नाहीत.

ठेकेदार

उभे राहणे हा निकष असेल तर विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजेही महान कलावंत ठरेल.

न्यूजर्सीकर

हे वाक्य आपण माझ्या पत्नीबद्दल लिहिले आहे की शेरनबाईंबद्दल, हे एकदा स्पष्ट करावे, म्हणजे मला त्याच पातळीवर उत्तर देता येईल.

ढोलकीवाला

दोघांनीही जरा दमाने घ्यावे, कारण मूळ प्रश्न पैशाचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ मध्ये सिनसिनाटीत जेम्स ब्राउन यांच्यासाठी जो ठेका वाजवला, त्यातले ते स्नेअर ड्रमवरचे पुसट, अर्धवट ऐकू येणारे आघात पुढे हजाराहून अधिक गाण्यांत कापून चिकटवले गेले. गाण्याचे लेखक म्हणून नाव ब्राउन यांचे होते, त्यामुळे असा कापलेला तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरणाऱ्याने पैसे दिले तरी ते ठेका वाजवणाऱ्यापर्यंत पोहोचत नसत. २०१७ मध्ये ते वारले. आता हे नवे लोक तोच ठेका नव्याने वाजवतात, म्हणजे सॅम्पलचेही पैसे वाचले. याला पुनरुज्जीवन म्हणायचे?

मी स्वतः बारा वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवले. माझा एक तुकडा एका जाहिरातीत जसाच्या तसा वापरला गेला आणि मला त्या दिवसाचा भत्ता तेवढा मिळाला, म्हणून मला हा विषय पुस्तकी वाटत नाही.

जुनी_तबकडी

आपण उलटे बोलत आहात. सॅम्पलमध्ये जिवंत ढोलवादकाची गरजच उरत नाही. येथे मात्र होमर स्टाइनवाइस नावाचा माणूस ड्रमवर बसतो आणि त्याचे मानधन घेतो. २००६ मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांच्या गाजलेल्या अल्बममधली कितीतरी गाणी याच डॅप-किंग्जनी वाजवली. ठेका ही कोणाची इस्टेट नव्हे. ती तशी मानली की काय होते हे २०१५ मध्ये दिसले: ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यात सोल गायक मार्विन गे यांच्या १९७७ च्या गाण्याचा नुसता ‘माहोल’ उचलला असा बचाव पक्षाचा युक्तिवाद असतानाही ज्यूरीने सुमारे ७४ लाख डॉलर भरायला सांगितले, आणि ती रक्कम नंतर कमी झाली तरी निकाल अपिलात टिकला. उद्या कोणी दादऱ्यावर मालकी सांगेल.

ढोलकीवाला

एमी वाइनहाउस यांना त्या अल्बमच्या जोरावर २००८ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. शेरन जोन्स यांना हयातीत एक नामांकन मिळाले आणि पुरस्कार मिळाला नाही. वाद्यवृंद तोच होता. हा हिशेब आपणच मांडलात, तर तो पूर्ण मांडावा.

मडगावकर

या वादाला आमच्या घरातून थोडी भर. माझे मामा पन्नाशी-साठीच्या दशकांत मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत ट्रम्पेट वाजवत. तेव्हा पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता-वाचता येणारे वादक म्हटले की ते बहुधा गोव्याचे असत. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी जे वाद्यमेळ बांधले ते अर्ध्या देशाला तोंडपाठ आहेत, पण पडद्यावर फार तर ‘सहायक’. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे पोरासोरांना माहीत झाले, मात्र ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते हे किती जणांना ठाऊक असते? डेट्रॉइटलाही वेगळे नव्हते: तिथल्या मोटाउन या सोलच्या तबकडी-कंपनीच्या वादकांची नावे १९७१ पर्यंत अल्बमवर छापली जात नसत. मामांकडे एकाही गाण्याचा लेखी पुरावा नाही. रेडिओवर गाणे लागले की ते ट्रम्पेटच्या जागी फक्त बोटे हलवत.

ठेकेदार

मामांबद्दल आदर आहे, पण धागा गोव्याला पोहोचला.

मडगावकर

पोहोचू द्या. आपल्याला १९६७ ची टेप खटकते आणि टेपवर कोण वाजवत होते ते खटकत नाही, हेच मला खटकते. डॅपटोनच्या तबकडीवर वादकांची नावे असतात. मामांना तेवढी झेरॉक्स चालली असती.

न्यूजर्सीकर

ठेकेदार, उत्तर द्यावे. माझ्या प्रश्नाचेही राहिले आहे.

ठेकेदार

मिरवणुकीचे वाक्य मागे घेतो. वहिनींना तसे कळवावे. दोन रात्री ब्रॅडली यांचा २०११ चा अल्बम पुन्हा ऐकला. वाद्यवृंद अजूनही मला संग्रहालयातला वाटतो, पण त्या माणसाचा घसा फाटतो तेव्हा तो कोणाचीही नक्कल करत नसतो, हे मान्य करावे लागते. ब्रॅडली आणि जोन्स यांची नावे मी झेरॉक्सच्या यादीतून काढतो. पॉपगायक ब्रूनो मार्स यादीतच राहतील. २०१४ च्या त्यांच्या आणि मार्क रॉन्सन यांच्या ‘अपटाउन फंक’ या गाण्याला पुढच्याच वर्षी गॅप बँड या जुन्या फंक वाद्यवृंदाच्या मंडळींची नावे लेखक म्हणून जोडावी लागली आणि १७ टक्के वाटा द्यावा लागला, त्यामुळे तेथे मूळ प्रत कोणती हा वाद कागदावरच मिटलेला आहे.

ढोलकीवाला

म्हणजे निदान त्या झेरॉक्सचे पैसे मूळ मालकांना मिळाले! सतरा टक्के सोडा, मला एक टक्का चालला असता.

जुनी_तबकडी

ठेकेदार, ‘संग्रहालय’ या शब्दावर वेगळा धागा काढतो आहे.